सुक्याबरोबर ओलें

म्हणी म्हणजे लोकांच्या शहाणपणाचें भांडार, असें आम्ही शाळेपासून ऐकत आलों आहों, आणि बव्हंशीं तें खरेंहि आहे. परंतु भांडारांत धान्याबरोबर कीडहि असते. "सुक्याबरोबर ओलेंहि जळतें" ही म्हण आम्हांस अशा किडीपैकीं वाटूं लागली आहे. रानांतल्या वणव्याविषयीं ती कोणीं उच्चारली तर आमची कांहींच हरकत नाहीं; पण माणसाच्या घरास माणसानेंच काडी लावली असतां ती तोंडांत येऊं लागली म्हणजे ती म्हण राहत नाहीं, आरोपीची वकिली होते. त्या वकिलीचा समाचार घ्यावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रसंग असा घडला. कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या कॉलेजांत, प्राध्यापकांच्या खोलींत, चहाच्या वेळीं दोघा सहकाऱ्यांचा वाद जुंपला. एकाच्या आजोबांचें घर १९४८ सालीं या जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत जळालें होतें. दुसऱ्याचें घराणें सत्यशोधक परंपरेंतलें. दोघेहि विद्वान्, दोघेहि सज्जन, आणि दोघांशींहि आमचा वीस वर्षांचा स्नेह. विशाळगडाखालच्या गजापूरच्या प्रकरणावरून बोलणें निघालें. पहिले गृहस्थ म्हणाले, "झालें तें वाईटच. पण गडावर अतिक्रमणें होऊं दिलीं कोणीं? लोक चिडले, सुक्याबरोबर ओलें जळायचेंच." दुसरे उसळले. "अहो, ज्यांचीं घरें फोडलीं त्यांचा गडाशीं संबंध काय?" असें म्हणून त्यांनीं पहिल्यांस चांगलेंच फैलावर घेतलें. मग विषय फिरत फिरत १९४८ वर आला, आणि तेच दुसरे गृहस्थ शांतपणें म्हणाले, "तें निराळें. तो लोकक्षोभ होता. पिढ्यान् पिढ्यांची दडपलेली चीड बाहेर पडली. अशा वेळीं सुक्याबरोबर ओलेंहि जळतें." अर्ध्या तासाच्या आंत दोघांनीं एकच वाक्य उच्चारलें, आणि दोघांपैकीं एकाच्याहि तें ध्यानांत आलें नाहीं. आमच्या मनांतून मात्र तें जाईना.

प्रथम म्हणीचाच विचार करूं. वणव्यांत ओलें जळतें तें वणव्याला डोळे नसतात म्हणून. १९४८ च्या आगीला डोळे होते, इतकेंच नव्हे, तिला जात विचारतां येत होती. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस बिर्ला भवनांत गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्याचा, चित्पावन ब्राह्मण, एका वृत्तपत्राचा संपादक, हें समजतांच पुणें-मुंबईपासून सातारा, सांगली, कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांचीं घरें आणि दुकानें लुटलीं गेलीं, जाळलीं गेलीं. खेड्यापाड्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें उठून शहरांकडे गेलीं तीं पुन्हां परतलीं नाहींत. ज्या आळींत भिंतीला भिंत लावून सर्व जातींचीं घरें उभीं असत, तेथें जमाव नेमक्या दाराशीं थांबत होता. असें थांबणें हा वणव्याचा स्वभाव नव्हे. तेथें सुकें-ओलें असा भेदच नव्हता. जें जाळावयाचें तें आधीं ठरलें होतें, आणि "सुकें" हें नांव त्याला मागाहून मिळालें.

खटल्यांतल्या आरोपींचीं नांवें पाहिलीं म्हणजे ही निवड अधिकच स्पष्ट होते. २० जानेवारीस बिर्ला भवनाच्या आवारांत स्फोट करणारा मदनलाल पाहवा हा पंजाबांतून आलेला निर्वासित होता, आणि त्यास जन्मठेप झाली. म्हणून कोणी पंजाबी निर्वासितांच्या वस्त्या पेटविल्या नाहींत. पेटविल्या असत्या तर तेंहि तितकेंच नीच कृत्य ठरलें असतें. पण नाहीं पेटविल्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खुनाचा सूड घ्यावयाचा होता तर तो सर्व आरोपींच्या जातभाईंवर सारखाच उतरावयास हवा होता. तो एकाच जातीवर उतरला, याचा अर्थ खून हें निमित्त होतें आणि बळी आधींपासून हेरलेला होता.

खुद्द आमच्या कोल्हापुरांत काय झालें? भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा' अशा चित्रांतून ज्यानें शिवकाल पडद्यावर उभा केला, त्याचा स्टुडिओ शिवछत्रपतींच्या वंशजांच्या राजधानींत राख झाला. भालजींचीं राजकीय मतें कोणास रुचोत वा न रुचोत. मतांचा जाब विचारावयाचीं साधनें सभा, वृत्तपत्र आणि न्यायालय हीं आहेत, रॉकेल नव्हे. शिवाय स्टुडिओ म्हणजे कांहीं एका माणसाचा वाडा नव्हे. तेथें सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले राबत असतात, आणि ते कांहीं एका जातीचे नसतात. त्या आगीनें शहरांतल्या कोणाकोणाच्या चुली विझल्या, याचा हिशेब काडी लावणाऱ्यांनीं केला नव्हता. तिकडे मुंबईस डॉ. नारायणराव सावरकरांवर दगडांचा मारा झाला. पुढच्या वर्षीं ऑक्टोबरांत ते वारले. खटला त्यांच्यावर नव्हता, त्यांच्या वडील बंधूंवर होता. आणि त्या बंधूंसहि १० फेब्रुवारी १९४९ रोजीं न्यायालयानें निर्दोष म्हणून सोडलें. न्यायालयास जें ठरवावयास वर्ष लागलें तें जमावानें एका दिवसांत ठरविलें होतें.

आमच्या सत्यशोधक मित्रांचें म्हणणें असें कीं, चीड खरी होती. चीड खरी होती हें आम्हीं केव्हां नाकारलें? ज्या नगरींत छत्रपतींनाच वेदोक्ताचा अधिकार नाकारण्यांत आला, त्या नगरींत ही चीड कोणी काल्पनिक म्हणेल तर तो इतिहासाचा अपराधी होईल. प्रश्न चीड खरी होती कीं खोटी हा नाहीं. ती कोणाच्या दारीं गेली हा आहे. खरी चीडहि किती सहज खोट्या दारीं जाते, याचें उत्तम उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. अमेरिकेंतलें यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळलेले, सरकारनें सारा वाढविलेला, कर्ज डोक्यावर. तक्रार सोळा आणे खरी. शेतकऱ्यांनीं कर्जरोखे आणि हुकूमनामे जाळले, माणसांना इजा फारशी केली नाहीं, हें त्यांस भूषणावहच आहे. तरीसुद्धां चौकशी कमिशनला असें दिसून आलें कीं, ज्या गांवीं ब्राह्मण आणि मारवाडी असे दोघेहि सावकारी करीत होते, तेथें बहुधा मारवाड्यासच गांठण्यांत आलें. व्याज दोघांचें, रोखे दोघांचे. पण एक गांवचा आणि दुसरा बाहेरचा. १८७५ सालीं जो ब्राह्मण सावकार "आपला" ठरून सुटला, त्याच्याच जातीचा गरीब शिक्षक किंवा भिक्षुक १९४८ सालीं "परका" ठरला. तेव्हां अपराध पाहून परका ठरत नाहीं. परका आधीं ठरतो आणि अपराध मागाहून सांपडतो.

याचें मानसशास्त्र कांहीं गूढ नाहीं. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत प्रायश्चित्ताच्या दिवसाचा एक विधि सांगितला आहे. मुख्य पुरोहित एका जिवंत बोकडाच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून लोकांचीं सारीं पापें उच्चारतो, आणि मग तो बोकड रानांत सोडून देतात. आमच्याकडेहि पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन दुसऱ्या गांवच्या हद्दींत लोटण्याची चाल होती. साथ तेवढ्यानें जात नसे, ती पुढच्या गांवीं जाई, आणि त्या गांवचे लोक तो गाडा आणखी पुढें लोटीत. या चालींस आम्ही सुशिक्षित लोक हंसतों. पण एका बाबतींत ते जुने लोक आमच्याहून प्रामाणिक होते. बोकडानें पाप केलें असें त्या पुरोहितानें कधीं म्हटलें नाहीं. पाप आमचें, हें तो मोठ्यानें बोलून दाखवीत असे. आमचा पोतराज तर कोरडा स्वतःच्याच अंगावर ओढतो. आधुनिक माणसानें विधि तसाच ठेवला, फक्त कबुली तेवढी गाळली. आतां बोकड मुकाट्यानें मेला तर पुरत नाहीं; त्याच्यावर आरोपपत्र ठेवावें लागतें, आणि मारणाऱ्यानें न्यायाधीशाचा झगा चढवावा लागतो.

कोणी म्हणेल, हें सारें दारिद्र्याचें फळ आहे. पोट भरलें कीं माणूस शहाणा होतो. अमेरिकेंत १९४० सालीं हॉव्हलँड आणि सीअर्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें होतें कीं, दक्षिणेंत कापसाचे भाव पडले कीं गोऱ्या जमावांकडून होणाऱ्या नीग्रोंच्या हत्या वाढत. हा सिद्धांत फार वर्षें पाठ्यपुस्तकांत मिरवला. पुढच्या संशोधकांनीं तेच आंकडे अधिक काटेकोरपणें तपासले तेव्हां तो संबंध बराच सैल ठरला. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. वड्याचें तेल वांग्यावर काढावयाचें तर तेल तापलेलें असावें लागतें हें खरें. पण वांगें कोणतें, हें कोणीतरी दाखवावें लागतें. भुकेला माणूस आपण होऊन शेजाऱ्याचें दार फोडीत नाहीं. त्याच्या भुकेचें कारण शेजारी आहे, असें त्याला कोणीतरी, बहुधा पोट भरलेल्या माणसानें, सांगावें लागतें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतल्या राईनपाड्यास मंगळवेढ्याकडचे पांच नाथपंथी डवरी गोसावी मुलें पळविणारे समजून ठेचून मारण्यांत आले. पोटासाठीं भिक्षा मागत हिंडणाऱ्या त्या पांचांचा अपराध काय? भ्रमणध्वनीवरून अफवा फिरत होती, आणि ते परके दिसत होते.

आणि दाखविणारा दाखवितो तो कशासाठीं? येथें मानसशास्त्र संपतें आणि राजकारण सुरू होतें. २० जानेवारी १९४८ रोजीं पाहवा पकडला गेला होता. त्यानंतर दहा दिवस सरकारच्या हातीं होते. त्या दहा दिवसांत मुंबईच्या आणि दिल्लीच्या पोलिसांनीं काय केलें, काय केलें नाहीं, गांधीजींचे प्राण वांचवितां आले असते कीं काय, हा त्या वेळचा खरा जळता प्रश्न होता. पण घरें जळत असतां तो प्रश्न कोणाला दिसणार? न्यायमूर्ति कपूर यांचें कमिशन त्यासाठीं नेमण्यांत आलें तें १९६६ सालीं, म्हणजे अठरा वर्षांनीं. त्याचा अहवाल आला १९६९ सालीं. बळीच्या बकऱ्याचा हाच खरा उपयोग आहे. जमावाला वाटतें आपण न्याय केला. प्रत्यक्षांत त्यानें ज्यांना जाब विचारावयाचा होता त्यांची सुटका केलेली असते. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यांत संन्याशाचें नुकसान होतें तें तर आहेच, पण चोर सुटतो हें आम्ही विसरतों.

ज्यांच्या नांवानें ही होळी झाली त्यांच्याविषयीं तर काय बोलावें! मुसलमानांस दिल्लींत निर्भयपणें राहतां यावें म्हणून ज्या वृद्धानें १३ ते १८ जानेवारीपर्यंत उपोषण केलें, त्याच्या मृत्यूला पुरता एक दिवस उलटला नाहीं तों त्याच्या जयजयकारांत शेजाऱ्यांचीं घरें पेटलीं. गोडशानें गांधीजींचा देह मारला. त्यांच्या शिकवणीचा खून आम्हीं आमच्या हातांनीं केला, आणि त्याबद्दल आजवर कोणी आम्हांस आरोपी केलेलें नाहीं.

आतां आमच्या पहिल्या मित्रांकडे वळूं. कारण येथपर्यंत वाचून त्यांनीं समाधानानें मान डोलावली असेल अशी आम्हांस भीति वाटते. ७ जून २०२३ रोजीं कोल्हापुरांत काय झालें? कांहीं पोरांनीं, त्यांतहि कांहीं अल्पवयी, भ्रमणध्वनीवर चिथावणीखोर मजकूर ठेवला. त्यांच्यासाठीं कायदा होता, पोलीस होते. तरी शहर बंद करण्यांत आलें, शिवाजी चौकांत जमाव लोटला, आणि ज्यांनीं तो मजकूर पाहिलाहि नसेल अशा लोकांच्या मालमत्तेवर दगड पडले. अखेर पोलिसांना लाठी आणि अश्रुधूर वापरावा लागला. १४ जुलै २०२४ रोजीं त्याहून वाईट झालें. विशाळगडावरील अतिक्रमण हा कायद्याचा प्रश्न. तो आज ना उद्यां न्यायालयांत सुटणाराच होता. पण गडावर निघालेल्या जमावापैकीं कित्येकांचा राग निघाला तो गडापासून कांहीं मैलांवरच्या गजापूरच्या मुसलमानवाडीवर. घरें फोडलीं, वाहनें मोडलीं, मशिदीची नासधूस केली. गडावर या लोकांचें अतिक्रमण नव्हतें. एक धर्म तेवढा समान होता. बाजीप्रभूंच्या पराक्रमानें जी खिंड पावन झाली ती याच गजापूरची. तेथें मूठभर माणसांनीं फौजेला तोंड दिलें होतें. येथें फौजेएवढ्या जमावानें मूठभर घरांतल्या बायकामुलांना पळावयास लावलें.

ज्याच्या आजोबांचें घर १९४८ सालीं जळालें, त्याला गजापूरचा धूर सर्वांच्या आधीं ओळखूं यावयास हवा होता. तसें झालें नाहीं. आपल्या घरावरच्या अन्यायाची आठवण जपणें हा कोणाचाहि हक्क आहे. व्यंकटेश माडगूळकरांनीं 'वावटळ' लिहून ती आठवण मराठी वाङ्मयांत नोंदवून ठेवली, हे आपल्यावर उपकारच आहेत. पण जी आठवण फक्त आपल्याच घरापुरती जागी राहते आणि दुसऱ्याच्या दाराशीं पोंचतांच झोपीं जाते, ती आठवण नव्हे. ती केवळ उधारी होय, आणि उधारी वसूल करावयाला माणूस वाटेल तें कूळ शोधतो.

दोन्ही बाजूंचे वकील एक पुरावा नेहमीं पुढें करतात. १९४८ सालीं म्हणे कोठेंसे पेढे वाटले गेले. आजहि म्हणे कोणत्याशा आळींत फटाके वाजतात. आम्ही एवढेंच विचारतों: ज्यानें पेढे वाटले त्याचें घर कोणतें, हें विचारून मग काडी लावली काय? एखाद्या नीच माणसानें कोठें पेढे वाटले असतील तर तो नीचपणा त्याचा. त्याच्या पेढ्याची किंमत पन्नास कोस दूरच्या खेड्यांतल्या विधवेनें आपल्या घरानें कां चुकवावी?

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. एखादा समाज पिढ्यान् पिढ्या विशेष हक्क भोगतो, तेव्हां त्या समाजाची म्हणून कांहीं जबाबदारी नाहीं काय? आहे, निश्चित आहे. पण ती जबाबदारी वसूल कशी करावी, हें याच कोल्हापुरांत एका राजानें दाखवून ठेवलें आहे. वेदोक्ताचा अपमान शाहू महाराजांइतका कोणीं सोसला? त्यांनीं म्हटलें असतें तर ब्राह्मणांच्या वाड्यांपुढें जमाव उभा करणें त्यांना अवघड नव्हतें. त्यांनीं काय केलें? २६ जुलै १९०२ रोजीं शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढलीं, त्यांत मुसलमान मुलांचेंहि एक. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें केलें. १९१८ सालीं कुळकर्णी वतन बंद केलें. यांतल्या एकेका हुकुमानें विशेष हक्कांच्या मुळावर जो घाव बसला तो हजार घरें जाळून बसला नसता. जमिनीचेंहि तेंच. ज्या वर्षीं घरें जळलीं त्याच वर्षीं मुंबईच्या विधिमंडळानें कुळकायदा केला. कुळांना जमीन मिळाली ती पुढें त्या कायद्यानें, मशालीनें नव्हे. हक्क काढून घेणें हा न्याय होऊं शकतो, कारण तेथें व्यवस्था बदलते. घर जाळल्यानें व्यवस्थेचा एक दगडहि हलत नाहीं; फक्त एक कुटुंब रस्त्यावर येतें, आणि जाळणाऱ्याला आपण क्रांति केली असें वाटून तो स्वस्थ बसतो.

आम्हां शिक्षकांचा यांत दोष नाहीं काय? आहे, आणि तो लहान नाहीं. काडी लावणारे हात बहुधा अशिक्षितांचे असतील, पण काडी लावून झाल्यावर "लोकक्षोभ", "स्वाभाविक प्रतिक्रिया", "सुक्याबरोबर ओलें" हे शब्द पुरविणारीं तोंडें पदवीधरांचीं असतात. हातांना एखादे वेळीं शिक्षा तरी होते. तोंडांना व्याख्यानांचीं आमंत्रणें येतात. जमाव पांगल्यावर गुन्ह्याला जो शब्द मिळतो त्यावर पुढचा गुन्हा अवलंबून असतो. पहिल्या आगीला "लोकक्षोभ" म्हणून ज्यांनीं माफी दिली, त्यांनीं दुसऱ्या आगीचा परवाना लिहून ठेवला, मग त्यावर नांव कोणाचेंहि घातलें जावो.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं दोघांहि मित्रांस वाचून दाखविला. पहिले कांहीं बोलले नाहींत; बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. दुसरे म्हणाले, "पण तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच तागडींत घातल्या, हें आम्हांस मान्य नाहीं. काळ निराळा, कारणें निराळीं, सत्ता कोणाची हेंहि निराळें." आम्हीं म्हटलें, तें सर्व कबूल. दोन आगी सारख्या नव्हत्या. इतिहासकारानें त्यांतला भेद अवश्य सांगावा, आणि आम्ही तो वर्गांत सांगूंहि. परंतु दोन्ही आगींवर तुम्हीं दोघांनीं जें वाक्य शिंपडलें तें एकच होतें. तेवढें एक वाक्य तुम्ही दोघे परत घ्या. मग तागडीचा वाद आपण उद्यां चहाच्या वेळीं खुशाल पुढें चालवूं.